घरी राहिलेली नळी

माझे थोरले बंधू पहिल्या महायुद्धात समुद्रात बुडून वारले, असे निपाणीत सर्रास सांगितले जाते. सांगणाऱ्यांपैकी एकानेही समुद्र पाहिलेला नाही. तरीही बोटीला सुरुंग कोणत्या बाजूने लागला, पाणी किती गार होते आणि बुडताना आप्पांच्या मुखात कोणत्या देवाचे नाव होते, इतका तपशील ही मंडळी पुरवतात की हे सारे त्या वेळी शेजारीच उभे होते की काय, असे वाटावे. बेळगावच्या न्यायालयात माझे उभे आयुष्य साक्षी तपासण्यात गेले. ज्या साक्षीदाराला सर्व काही आठवते त्याच्यापासून सावध राहावे, हे मी तिथे शिकलो. म्हणून घडलेली हकीकत लिहून ठेवतो. ज्यांना ती मान्य नसेल त्यांनी आपली वेगळी लिहावी.

आप्पा म्हणजे आमचे थोरले बंधू. मी त्यांच्या पाठचा. माझ्या पाठचा धाकटा निपाणीच्या घरी राहून तंबाखूचा व्यापार पाहतो. आप्पांनी इंग्रजी शाळा अर्धवट सोडून मुंबई गाठली आणि खानापूरच्या एका ख्रिस्ती मित्राच्या ओळखीने आगबोटीवर नोकरी धरली. उतारूंच्या जेवणघरात वाढप्याची नोकरी होती ती. आमच्या वडिलांनी गावात "थोरला जहाज कंपनीच्या कचेरीत आहे" असे सांगून ठेवले होते आणि त्यांच्या हयातीत ते विधान कोणी खोडले नाही. आई मात्र फसत नसे. समुद्र ओलांडून आलेल्या मुलाला पंचगव्य घेतल्यावाचून ती माजघराचा उंबरा चढू देत नसे. आप्पा ओसरीवर बसून मुकाट्याने ते पीत आणि मग मला हळूच सांगत, "बोटीवरच्या सूपापेक्षा बरं लागतं रे."

युद्ध सुरू झाल्यावर ते एकदा घरी आले, काही आठवडे राहिले आणि पुन्हा गेले. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही. वहिनींचे लग्न होऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता, मूलबाळही नव्हते. त्या आमच्या घरीच राहिल्या. पुढे धाकट्याला मुलगी झाली, तिला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सर्व वहिनींनी केले. या सगळ्या काळात त्यांच्या कपाळी कुंकू होते. गावातली काही घरे त्यांना हळदीकुंकवाला बोलावीत, काही टाळीत. टाळणाऱ्या घरांतल्या बायका रस्त्यात भेटल्या की वहिनीच आधी बोलत, म्हणजे त्यांना अवघडायला नको.

गेल्या वर्षी त्याच मुलीचे लग्न चिकोडीकडच्या एका घरी ठरले आणि मी बेळगावहून निपाणीला गेलो. धाकटा माझी वाट पाहत ओसरीवरच बसला होता.

"आण्णा, नवऱ्याकडची माणसं विचाराय लागल्यात," तो म्हणाला. "हळदीला वहिनी बसणार काय म्हणून. त्येंला काय सांगू?"

"बसणार, असे सांग."

"सवाष्ण म्हणून?"

"दुसरे काय म्हणून?"

"आण्णा, तीस वर्सं झाली. भटजी म्हणत्यात, पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी उरकून घ्यावा. आप्पाला गती मिळंल आनि आपल्याला तोंड मिळंल बोलायला. न्हायतर वहिनींनी त्या दिवशी आतल्या खोलीत बसावं. पोरगी माझी हाय, मला काय हौस हाय व्हय?"

ज्याचा देह सापडला नाही अशा माणसाच्या नावाने पळसाच्या पानांची आकृती करून तिला अग्नी देतात. अग्नी पानांना लागतो आणि कुंकू माणसाचे पुसले जाते. मी म्हणालो, "आप्पा मेले याला पुरावा काय?"

"तुमच्याच कोर्टातल्या एका वकिलानं सांगिटलं मला. सात वर्सं बातमी न्हाय म्हटल्यावर कायदाच मानूस मेला म्हणून धरतो."

हे खरे होते आणि मला चांगले ठाऊक होते. मी म्हणालो, "कायदा गृहीत धरतो. उलट पुरावा आला की ते गृहीतक पडते. पुरावा मी आणतो."

"कुठनं आणता?"

"घरातच आहे."

माजघरात वहिनी लग्नाची सुपारी कातरत बसल्या होत्या. अडकित्त्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

माझा पुरावा असा होता. बोटीवर काम करणाऱ्या माणसाला प्रत्येक फेरीनंतर दाखला मिळतो. कोणत्या बोटीवर होता, केव्हा उतरला, वर्तणूक कशी होती, हे त्यावर असते. ते सारे दाखले गुंडाळून पत्र्याच्या एका लांबट डबीत ठेवतात. ओल्या हवेत कागद टिकावेत म्हणून ही सोय. खलाशी त्या डबीलाच नळी म्हणतात. नळी दाखवल्याशिवाय नवी बोट मिळत नाही. आप्पांची नळी वहिनींच्या ट्रंकेत होती. आणि आप्पा शेवटचे निघाले त्या सकाळी ही नळी त्यांच्या काखेत असलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. वाद घालणाऱ्याने हे दोन मुद्दे शेजारी ठेवून पाहावेत. जाताना नळी त्यांच्याबरोबर गेली, आज ती घरी आहे. तेव्हा ते त्या फेरीहून सुखरूप परतले आणि मुंबईहून नळी घरी आली, याखेरीज दुसरा निष्कर्ष निघत नाही. बुडालेल्या माणसाची नळी त्याच्याबरोबरच तळाशी जाते.

ती आणली कोणी, तेही मला माहीत होते. वहिनींनी मला पूर्वीच सांगितले होते की समोरच्या आक्कांनी आणून दिली. समोरचे घर जैन व्यापाऱ्याचे. आक्कांचे यजमान तंबाखू विकायला वरचेवर मुंबईला जात. त्यांच्याच हाती आप्पांनी ती पाठवली असणार. एक उणीव तेवढी होती. नळीतला शेवटचा दाखला युद्धापूर्वीचा होता, युद्धातल्या फेरीचा दाखला त्यात नव्हता. परंतु युद्धाच्या धामधुमीत दाखला द्यायचा राहिला असेल, असे मी म्हणालो आणि नळीवरचा क्रमांक उतरवून घेऊन मुंबईची गाडी धरली.

खलाशांच्या नोंदी ठेवणाऱ्या त्या कार्यालयात ज्या कारकुनाने मला जुनी पुस्तके दाखवली तो सभ्य होता, पण त्याला माझ्या भावात काडीचा रस नव्हता. मी आप्पांचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, घराण्याचे नाव असे सांगू लागताच त्याने हात वर केला.

"नावं ठेवा बाजूला, वकीलसाहेब. एका नावाचे दहा निघतात. नंबर द्या."

नंबराने आप्पांची ओळ सापडली. मी चष्मा पुसून मजकूर वाचला आणि गोंधळात पडलो. नाव आप्पांचे होते. जन्मगाव मात्र खानापूर लिहिलेले होते. ओळखीची खूण म्हणून डाव्या भुवईवर व्रण. आप्पांच्या उजव्या भुवईवर व्रण होता. लहानपणी आम्ही विटीदांडू खेळत असताना विटी लागली ती माझ्यादेखत. पुढे नळीत होत्या त्याच बोटी क्रमाने होत्या. आणि त्यांच्याखाली, युद्धाच्या काळातली, नळीत नसलेली आणखी एक बोट होती. चढल्याची नोंद होती. उतरल्याच्या रकान्यात काही नव्हते. कडेला लाल पेन्सिलीची एक खूण होती.

"हे काय?" मी विचारले.

"खातं बंद."

"बंद कशाने? मृत्यूने?"

"ते सांगता येणार नाही. मेला तरी हीच खूण, परदेशात बोट सोडून पळाला तरी हीच, नोकरी सोडून गावी जाऊन बसला तरी हीच."

"अहो, मेलेला आणि घरी बसलेला यांना एकच खूण?"

"साहेब, दोघंही बोटीवर नाहीत ना," तो शांतपणे म्हणाला.

निपाणीकर ज्या बोटीचे नाव घेतात ते सांगून ती बुडाली का, असे मी विचारले. ती बुडाली होती, पण आप्पांच्या ओळीत तिचे नावच नव्हते. ज्या बोटीचे नाव होते ती युद्धानंतरही बरीच वर्षे फिरत होती आणि शेवटी मोडीत निघाली. हे ऐकून मला फार समाधान वाटले. धाकट्याची सुरुंगाची, गार पाण्याची आणि देवाच्या नावाची कथा तिथल्या तिथे निकालात निघाली. परंतु कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना लक्षात आले की माझीही फार पुढे गेलेली नाही. बोट वाचली, एवढेच सिद्ध झाले होते. माणसाचे काय, ते त्या लाल खुणेआड होते. शिवाय खानापूर कोठून आले? माझा भाऊ निपाणीत जन्मला, त्याच घरात, त्याच खोलीत जिथे मी जन्मलो. ती ओळ आप्पांची होती की आप्पांच्या नावाने वावरणाऱ्या दुसऱ्या कोणाची?

परतताना मी बेळगावला न उतरता तसाच पुढे खानापूरला गेलो. आप्पांना ज्याने बोटीवर चढवले तो मित्र अजून हयात होता. लाकडाच्या वखारीमागे त्याचे छोटे घर होते. दात गेलेले, पण आवाज खणखणीत. मला पाहताच त्याने खुर्ची पुसून पुढे केली.

"बसा, वकीलबाब. तुमचं नाक आप्पांचंच."

जन्मगावाचे कोडे त्याने हसत हसत सोडवले. मुंबईत खानापूरकडच्या खलाशांची एक सामाईक खोली होती. बोट मिळेपर्यंत माणसे तिथे राहत, आणि माणसे निवडणारा मुकादम त्या खोलीतल्याच माणसांना आधी घेई. म्हणून आप्पांना खानापूरचे ठरवले गेले. "आप्पांनी पाठांतर केलं होतं," तो म्हणाला. "नदीचं नाव, चर्चचं नाव, सगळं. मुकादमानं विचारलं फक्त, 'बशा किती उचलशील एका हातावर?'"

"आणि व्रण कोणत्या भुवईवर होता?"

"व्रण?" तो विचारात पडला. "भुवईवर नव्हता, वकीलबाब. हनुवटीवर होता."

हा साक्षीदार कामाचा नाही, असे मी तेव्हाच मनाशी नोंदवले. तरी विचारले, "शेवटच्या वेळी मुंबईत तुम्ही त्यांना पाहिले?"

"पाहिलं तर. नळीशिवाय आले होते."

मी म्हणालो, "शक्य नाही. नळी त्यांच्या काखेत होती. मी पाहिली आहे."

"मग वाटेत हरवली असेल. खोलीत आले ते कपाळाला हात लावूनच. म्हणाले, नळी गावी राहिली. आम्ही हसलो. खलाशी आणि नळी विसरतो, हे म्हणजे भटजी आणि जानवं विसरतो."

"तुम्ही त्या काळी दारू पीत होता?"

"आता पितो," तो म्हणाला. "तेव्हा परवडत नव्हती."

मी त्याला बराच घोळवला. तो चिडला नाही आणि हललाही नाही. दुसऱ्या दिवशी त्याची स्वतःची बोट सुटायची होती. आप्पा त्याला पोचवायला धक्क्यापर्यंत आले आणि म्हणाले, "मी घरी जाऊन नळी घेऊन येतो, मग तुला गाठतो कुठंतरी." पुढचे त्याला ठाऊक नव्हते. तो परतला तेव्हा खोलीतली माणसे बदललेली होती. कोणी सांगितले, आप्पा गावी गेले. कोणी सांगितले, नव्या नळीची खटपट करून दुसऱ्या बोटीवर चढले. कोणी म्हणाले, मुंबईत तापाची साथ होती, इस्पितळात नेलेल्या माणसांत एक आप्पांसारखा दिसत होता.

"तुम्हाला काय वाटते?" मी विचारले.

"मला वाटायचं, तेच मला येऊन सांगतील," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर वखारीकडे पाहू लागला.

मी निपाणीला पोचलो तो या मित्राचे म्हणणे खोडून काढण्याच्या निश्चयाने. नळी घरी विसरली असती तर ती घरात सापडली असती, समोरच्या आक्कांनी आणून देण्याचा प्रश्नच नव्हता. आक्का स्वतः समोर राहत होत्या. त्यांना विचारले की निकाल लागला.

लग्न तोंडावर आले होते. आमच्या माजघरात बायका सुपारी आणि हळकुंडे निवडत बसल्या होत्या, आक्काही त्यांत होत्या. आक्का माझ्याहून वयाने मोठ्या. त्यांच्या घरी कानडी चालते, आमच्याशी मराठी. धाकटा दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मी सर्वांसमक्ष विचारले, "आक्का, आप्पांची नळी तुमच्या यजमानांनी मुंबईहून आणली होती ना?"

"मुंबईहून?" आक्का म्हणाल्या. "ती आमच्या कोनाड्यातनं आणली मी. मुंबई आमच्या कोनाड्यात हाय व्हय, वकील?"

बायका हसल्या. मी म्हणालो, "कोनाड्यात कशी आली?"

"तुमच्या आईनंच ठेवली की. पस्ताना म्हणून."

हे आजच्या पोरांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. प्रवासाला निघायचे त्या दिवशी मुहूर्त चांगला नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाचे थोडे सामान, अक्षता आणि सुपारीसह फडक्यात बांधून, जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवतात. त्याला पस्ताना म्हणतात. त्या क्षणी प्रवासाला आरंभ झाला असे धरतात. मग माणूस प्रत्यक्ष केव्हाही निघो, जाताना तो पस्ताना उचलायचा आणि मागे वळायचे नाही. मुंबईकडे जाणाऱ्यांचा आमचा पस्ताना उत्तरेला, म्हणजे समोर, आक्कांच्या घरी असे. आणि आईचा एक दंडक होता. पस्तान्यात निरुपयोगी वस्तू चालणार नाही, ज्यावाचून अडेल तीच वस्तू हवी, म्हणजे देवाला खोटे पडत नाही. आप्पांचे कशावाचून अडणार होते ते उघडच होते.

"मग त्यांनी ती उचलली नाही?" मी विचारले.

"कशी उचलणार? तंबाखूचा हंगाम. बोळ गाड्यांनी भरल्याला. तुमची गाडी तिकडं मागल्या अंगाला लागली, आप्पा परसदारानं गेला. मी इकडं दारात ताक घेऊन उभी. वाट बघून बघून ताक म्याच प्याली."

"आठवले असेल तर परत यायचे होते."

"पाऊल बाहेर पडल्यावर परत फिरत्यात व्हय? तुमची आई जिती होती तवा. तिनं फिरू दिलं असतं?"

तिने फिरू दिले नसते. हे मला कोणी सांगायला नको होते. तरीही मी म्हणालो, "आक्का, तुमचा काहीतरी घोटाळा होतो आहे. गाडीत बसताना त्यांच्या काखेत नळी होती. लांबट, काळी. मी शेजारी उभा होतो."

"ती छत्री होती," आक्का म्हणाल्या. "तुमची. बेळगावची नवी. त्या पावसाळ्यात तुम्ही साऱ्या बोळाला विचारत फिरला, माझी छत्री कुणी बघितली काय म्हणून. आमच्या गड्याच्या अंगावरबी गेल्तासा."

धाकटा मोठ्याने हसला. मी त्याला सांगितले की हसण्याचे कारण नाही, त्याच्या बोटीची कथा मी मुंबईतच बुडवून आलो आहे. मग मी त्याला ती ओळ, ती वेगळी बोट आणि ती लाल खूण सांगितली. त्याने व्रणाचे ऐकताच मान हलवली. "डावी बरोबर हाय. आप्पाला डावीकडंच लागल्यालं." मी म्हणालो, तेव्हा तू पाळण्यात होतास. तो म्हणाला, पाळण्यातनं दिसत होतं. आक्का म्हणाल्या, आप्पाला व्रण कसला, तो तीळ होता. आम्ही तिघेही एकाच वेळी बोलत होतो, आणि ज्या माणसाबद्दल बोलत होतो त्याचा चेहरा माझ्यापुरता तरी त्या गलबल्यात पुसट होत चालला होता. मी डोळे मिटून आप्पांना समोर आणू पाहिले. ओसरी आली, पंचगव्याची वाटी आली, ती धरणारा हात आला. भुवई आली नाही.

मी हरलो असे कोणाला वाटू नये म्हणून, आणि त्या खानापूरकराची साक्ष किती असंबद्ध आहे हे दाखवण्यासाठी, मी म्हणालो, "तो तर पुढे असे सांगतो की आप्पा धक्क्यावर म्हणाले, मी नळी आणायला घरी जातो. म्हणजे घरी यायला निघाले म्हणे. कोणी पाहिले आहे का त्यांना घरी आलेले?"

अडकित्त्याचा आवाज थांबला. या वेळी तो पुन्हा सुरू झाला नाही.

"असं म्हणाले?" वहिनींनी विचारले.

"तो म्हणतो, म्हणाले."

"नळी आणाय घरला जातो म्हणून?"

"होय. परंतु वहिनी, तो माणूस विश्वसनीय नाही. त्याच्या बोलण्यात—"

वहिनी उठल्या. पदराने हात पुसून आतल्या खोलीत गेल्या. ट्रंकेची कडी वाजली. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात नळी होती, जुन्या पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली. फडके तेच, पस्तान्याचे. आजवर ते फडके मी अनेकदा सोडले आणि बांधले होते. आत खाली चिकटून राहिलेल्या दोन-चार दाण्यांकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. अक्षता होत्या त्या, किडीने पोखरलेल्या.

"आक्कांनी ही आणून दिली तवा मला वाटलं, मुद्दाम टाकून गेले," वहिनी माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "परत यायचं न्हाई, म्हणून. कुणाला इचारू? म्हणून ट्रंकेत ठेवली."

धाकट्याने चौकट सोडली आणि सरळ उभा राहिला.

"भावजी, एवढी समोर ठेवून या," त्या मला म्हणाल्या. "आक्कांच्या कोनाड्यात. व्हती तिथंच."

"आता?" मी म्हणालो. "आता कशाला, वहिनी?"

"ती न्यायला आले तर ते आधी तिथं बघतील. ट्रंकेत हाय हे त्येंला कुठं ठाव हाय?"

पस्तान्याचे शास्त्र मला ठाऊक आहे. उचलला गेला नाही तर प्रवास झाला की नाही, याबद्दल शास्त्र काही सांगत नाही, कारण असे कोणी करत नाही. त्याचप्रमाणे एवढ्या वर्षांनी माणूस परत येण्याबद्दल कायद्याला काय वाटते तेही मला ठाऊक आहे. दोन्हीकडे माझ्या बोलण्यासारखे पुष्कळ होते. मी नळी घेतली, जोडे घातले आणि बोळ ओलांडला. आक्का पुढे होऊन कोनाड्यातले तेलाचे भांडे सरकवीत होत्या. मी नळी आत ठेवली. आक्का म्हणाल्या, "उभी नको, आडवी. आडवीच होती." मी आडवी केली.

परत आलो तेव्हा धाकटा ओसरीवर, चिकोडीहून आलेल्या वराच्या काकांशी बोलत होता. ते नेमके त्याच वेळी देण्याघेण्याचे कापड दाखवायला आले होते आणि त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला असावा. धाकट्याचा आवाज मला दारातूनच ऐकू आला.

"आमच्या वहिनी सवाष्ण हाईत. पैली हळद त्याच लावणार. शंका असंल तर हे बघा, आमचे वकील आले. मुंबईचं दफ्तर बघून आल्यात ते, त्येंलाच इचारा."

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खुर्चीवर बसलो, उपरणे सारखे केले आणि म्हणालो की अधिकृत नोंदीत मृत्यूचा उल्लेख नाही. हे अक्षरशः खरे होते. पाहुण्यांनी मान डोलावली आणि कापडाची गाठ सोडली.

ते गेल्यावर मी धाकट्याला विचारले, "म्हणजे आप्पा बुडाले नाहीत, हे तुला पटले?"

"बुडालेच," तो म्हणाला. "दुसऱ्या बोटीत बुडाले असतील."

हळदीच्या दिवशी मी पुरुषांत बाहेर बसलो होतो. आतून मुलीचा आवाज आला, "काकी, डोळ्यात गेली गं," आणि वहिनींचा, "मिट की मग." पुढचे काही दिवस वहिनींचे हात पिवळे होते.

माझे मत मी शेवटी नोंदवून ठेवतो. आप्पा बुडाल्याचा पुरावा नाही. ते घरी यायला निघाल्याचा पुरावा एका म्हाताऱ्या खलाशाच्या तोंडचा आहे, आणि ज्याला व्रण हनुवटीवर आठवतो त्याच्या तोंडचा. नोंदवहीतली शेवटची बोट त्यांची की आणखी कोणाची, हे मला सांगता येत नाही. नळीवाचून ते तिच्यावर चढले कसे, हेही नाही. वाटेत कुठे ताप येऊन पडले असतील, तर ते कोणत्या स्टेशनवर, कोणाच्या दारात, हे विचारायला आता कोणी उरलेले नाही. पूर्वी मला हे प्रकरण स्पष्ट दिसत होते. इतके दफ्तर पाहिल्यावर ते दिसेनासे झाले आहे. निपाणीला गेलो की मी आक्कांकडे डोकावतो. नळी जागेवर असते, आडवी. आक्का तिच्यावरची धूळ पुसतात आणि मी काही विचारण्याच्या आत "आला न्हाय अजून" म्हणून सांगतात.

छत्रीचे मात्र मला पटलेले नाही. माझ्या छत्रीची मूठ वाकडी होती, आणि त्यांच्या काखेत होते ते सरळ होते.